ऑफिसचा कॉम्प्युटर पुण्यातून चालवायचाय – विंडोज ११ होम, केबलवाल्याचं फायबर, डीएससी टोकन – पोर्ट उघडून होईल का?

बार्शीची_सून

नमस्कार मंडळी. मी बार्शीत एका टॅक्स कन्सल्टंटकडे कामाला आहे, सध्या बाळंतपणासाठी माहेरी पुण्यात आलेय पण अजून वेळ आहे आणि घरात नुसतं बसून कंटाळा येतो, सर पण म्हणाले जमेल तेवढं घरून कर. काम म्हणजे टॅलीतल्या एंट्र्या, ११ तारखेच्या आत जीएसटीआर-१, २० च्या आत ३बी (दोन्ही जीएसटीची रिटर्न), मधेमधे क्लायंटचे फोन.

ऑफिसात एकच नीट डेस्कटॉप आहे, विंडोज ११ होम. टॅली त्यावर, सगळ्या क्लायंटचे फोल्डर त्यावर, आणि सरांचं नि दोन-तीन कंपन्यांच्या डायरेक्टरांचं डीएससी टोकन (डिजिटल सहीचा पेन ड्राईव्हसारखा यूएसबी) पण तिथेच ड्रॉवरमध्ये, लागेल तसं लावतो. माझ्याकडे इथे नवऱ्याचा जुना लॅपटॉप, विंडोज १०.

आमच्या ऑफिसला जो कॉम्प्युटरवाला येतो त्याने सांगितलं की राउटरमध्ये ३३८९ पोर्ट फॉरवर्ड करतो मग तुम्ही घरून आयपी टाकला की झालं. त्याने केलंय म्हणे. मी इथून आयपी टाकते तर कनेक्टच होत नाही, नुसतं फिरत राहतं आणि मग एरर. आता तो म्हणतो स्टॅटिक आयपी (कधी न बदलणारा नेटचा पत्ता) घ्या, त्याचे वेगळे पैसे. सर म्हणतात पैशाचं बघू पण होणार का ते आधी विचार. शिवाय लाईट गेली की तो कॉम्प्युटर बंद पडतो आणि ऑफिसातला मुलगा येईपर्यंत तसाच राहतो ते वेगळंच.

मला नेटवर्किंगमधलं फारसं कळत नाही, टॅली सोडून. सोप्या भाषेत सांगा प्लीज.

घाईत_पुणेकर

एनीडेस्क म्हणून लांबून स्क्रीन चालवायचं ॲप आहे, ते टाका दोन्हीकडे, नंबर टाका, संपला विषय. एवढा मोठा प्रश्न कशाला लिहिलाय.

राउटरवाले_अण्णा

घाईत भाऊ, ते कामासाठी वापरणारेत. एनीडेस्क काय टीमव्ह्यूअर काय, फुकटातलं हे फक्त घरगुती वापराला आहे, धंद्याला लायसन्स लागतं. रोज आठ तास एकाच मशीनला जोडलं की त्यांना कळतं आणि मग नेमकं २० तारखेला संध्याकाळी तुटायला लागतं. पैसे भरायची तयारी असेल तर घ्या, वाईट नाहीये.

आता ताई तुमचं. पहिली गोष्ट, आजच्या आज त्या कॉम्प्युटरवाल्याला सांगून राउटरमधला तो ३३८९ चा नियम काढून टाका. का ते सांगतो. ३३८९ हे विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचं (लांबून मशीन चालवायच्या सोयीचं) ठरलेलं पोर्ट, म्हणजे आत यायचं दार आहे, अख्ख्या जगाला माहितीये, आणि इंटरनेटवर चोवीस तास बॉट फिरत असतात जे एकेक आयपी घेऊन बघतात की हे पोर्ट उघडं आहे का. सापडलं की युजरनेम-पासवर्डचा मारा सुरू. २०१९ मध्ये तर ब्लूकीप नावाचं भोक निघालं होतं ह्याच सर्व्हिसमध्ये, त्यात पासवर्डसुद्धा लागत नव्हता, मायक्रोसॉफ्टला जुन्या एक्सपीसाठीसुद्धा पॅच काढावा लागला एवढं ते गंभीर होतं. विंडोज ११ ला ते लागू नाही पण सांगायचा मुद्दा असा की छोट्या ऑफिसांच्या फायली लॉक करून खंडणी मागणारे जे असतात ना, त्यांचा आत शिरायचा एक नेहमीचा रस्ता म्हणजे असं उघडं सोडलेलं रिमोट डेस्कटॉप. तुमच्याकडे लोकांचे पॅन, बँक स्टेटमेंट, सगळं. काही जण म्हणतात पोर्टचा नंबर बदला, ३३८९ ऐवजी ५०००० ठेवा. त्याने थोडा आवाज कमी होतो इतकंच, शोधणारा शोधतोच.

दुसरी गोष्ट, आणि ही मजेशीर आहे. विंडोज ११ होम हे रिमोट डेस्कटॉपने दुसरीकडे जाऊ शकतं, पण आपल्याकडे कोणाला घेऊ शकत नाही. ते फक्त प्रोमध्ये. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग रिमोट डेस्कटॉपवर जाऊन बघा, तिथे स्पष्ट लिहून येईल की ही एडिशन सपोर्ट करत नाही. म्हणजे तुमच्या माणसाने पोर्ट उघडलं खरं, पण पलीकडे ऐकणारंच कोणी नाही. स्टॅटिक आयपी घेतला असतात तरी हेच झालं असतं, वर पैसे गेले असते.

तिसरं एक बघून सांगा. राउटरच्या पानावर वॅन आयपी (राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता) म्हणून काय आकडा दिसतोय तो, आणि ऑफिसच्याच नेटवरून गूगलवर माय आयपी शोधलं की जो दिसतो तो. दोन्ही सारखे आहेत का.

बार्शीची_सून

अण्णा खूप धन्यवाद. ऑफिसातल्या मुलाकडून फोटो मागवला. राउटरमध्ये १०० ने सुरू होणारा आकडा आहे, १००.७२ असं काहीतरी, आणि गूगलवर १०३ ने सुरू होणारा पूर्ण वेगळाच. म्हणजे काय? आणि हो, रिमोट डेस्कटॉपच्या पानावर तुम्ही म्हणालात तसंच लिहून आलंय. त्या कॉम्प्युटरवाल्याने हे बघितलंच नाही का मग?

राउटरवाले_अण्णा

वाटलंच होतं. ह्याला सीजीनॅट म्हणतात. आयपीव्ही४ चे पत्ते संपत आल्यामुळे नेट देणारे एकच बाहेरचा पत्ता खूप गिऱ्हाइकांत वाटून देतात. जुन्या वाड्याचं कसं असायचं, बाहेर पत्ता एकच, आत पंधरा बिऱ्हाडं. आतून पत्र टाकलंत आणि त्याला उत्तर आलं तर ते बरोबर तुमच्याकडे येतं, पण बाहेरच्या कोणी आपणहून नुसत्या वाड्याच्या पत्त्यावर काही पाठवलं तर ते कुठल्या बिऱ्हाडाचं हे दारावर कोणालाच कळत नाही. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते ह्याच कामासाठी राखून ठेवलेत, तुमचा १००.७२ त्यातच बसतो. त्यामुळे तुमच्या राउटरवर तुम्ही हवी ती पोर्टं उघडा, बाहेरून कोणी पोचणारच नाही. एका अर्थी वाचलात.

म्हणून उपाय असा हवा की ऑफिसचं मशीन आतून बाहेर जाऊन जोडून राहील. असे दोन रस्ते मी सुचवेन.

एक, क्रोम रिमोट डेस्कटॉप. फुकट, होम एडिशनवर चालतं, सीजीनॅटचा प्रॉब्लेम नाही, पोर्ट नाही, स्टॅटिक आयपी नाही. ऑफिसच्या मशीनवर एकदा बसवायचं, कमीत कमी सहा आकडी पिन द्यायचा, ते सर्व्हिस म्हणून बसतं त्यामुळे मशीन रीस्टार्ट झालं तरी लॉगिनच्या स्क्रीनपासून तुम्हाला दिसतं. पण तुमचं स्वतःचं जीमेल तिथे लावू नका, ऑफिससाठी वेगळं खातं काढा, त्याला टू स्टेप व्हेरिफिकेशन लावा. त्या खात्याचा पासवर्ड म्हणजेच ऑफिसची चावी आहे हे सरांना पण समजावून सांगा.

दोन, ऑफिसचं मशीन प्रो करून घ्यायचं आणि वरून टेलस्केल. हे वायरगार्डवर चालणारं खाजगी नेटवर्क आहे, दोन्ही मशीनना १०० ने सुरू होणारा स्वतःचा पत्ता देतं (हा तुमच्या राउटरवरच्या १०० पेक्षा वेगळा बरं का, गोंधळू नका) आणि मग त्या पत्त्यावर विंडोजचा रिमोट डेस्कटॉप चालतो, बाहेरच्या जगाला काहीच दिसत नाही. स्पीड मस्त, ऑफिसात स्क्रीन लॉक दिसतो त्यामुळे मागे कोणी उभं राहून बघत नाही. ह्यात दोन गोष्टी लोक विसरतात. एक म्हणजे त्यात अनअटेंडेड चालू करावं लागतं, नाहीतर मशीन रीस्टार्ट झालं आणि कोणी लॉगिन केलं नाही तर ते जोडतच नाही. दुसरं, मशीनची की (त्या नेटवर्कमध्ये राहायची परवानगी) १८० दिवसांनी आपोआप संपते, तुम्ही पुण्यात आणि ते बार्शीत लॉगिन मागत बसलंय असं होतं, तर ऑफिसच्या मशीनपुरतं की एक्स्पायरी बंद करून ठेवायचं. आणि रिमोट डेस्कटॉपला विंडोजच्या खात्याचा पासवर्ड लागतो, तो चार आकडी पिन चालत नाही, बिनपासवर्डचं खातंही चालत नाही.

तुमच्या केसमध्ये मी पहिलाच रस्ता घेईन.

जुगाड_सांगलीकर

प्रोला पैसे कशाला घालवता. आरडीपी रॅपर म्हणून एक येतं ते टाका, होमवरच रिमोट डेस्कटॉप चालू होतं, दोन माणसं एकदम पण बसू शकतात. आमच्याकडे चालूये की.

राउटरवाले_अण्णा

सांगलीकर, चालतं ते विंडोजचं पुढचं अपडेट येईपर्यंत. मग मोडतं, मग नवीन फाईल कुठल्यातरी अनोळखी साईटवरून शोधत बसायची, अँटिव्हायरस ओरडतो म्हणून तो बंद करायचा. शिवाय लायसन्सच्या अटींत बसत नाही. घरी प्रयोग म्हणून करा ना, कोणी अडवलंय, पण ज्या मशीनवर दुसऱ्यांचे हिशेब आहेत तिथे नको. ताईंनी करूच नये.

ऑडिटवाली

डीएससीचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते, कारण खरी गंमत तिथेच होते.

विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपने आत शिरलं की ऑफिसच्या मशीनला लावलेलं टोकन दिसत नाही. बिघाड वगैरे काही नाही, त्याची रचनाच तशी आहे. स्मार्ट कार्डच्या बाबतीत तो तुमच्या समोरच्या लॅपटॉपचं कार्ड तिकडे नेतो, तिकडचं कार्ड लपवतो. लोक टोकनचं सॉफ्टवेअर काढतात, ड्रायव्हर परत टाकतात, सहीचं ईएमसाइनर अनइन्स्टॉल करतात, आणि टोकन बिचारं व्यवस्थित असतं. क्रोम रिमोट डेस्कटॉप, एनीडेस्क, रस्टडेस्क ही मंडळी तिथला चालू असलेला स्क्रीनच तुम्हाला दाखवतात, त्यामुळे त्यात टोकन दिसतं आणि सही होते. म्हणून तांत्रिकदृष्ट्या अण्णांचा पहिला रस्ता तुमच्या सोयीचा.

पण, आणि हा पण मोठा आहे, होतं म्हणून करू नका. डीएससी ज्याची आहे त्याच्याच ताब्यात ती असायला हवी, आयटी कायद्याच्या कलम ४२ मध्ये हे सरळ लिहिलंय की सर्टिफिकेटवाल्याने आपल्या प्रायव्हेट कीवर ताबा ठेवायचा. डायरेक्टरांची टोकनं ड्रॉवरमध्ये आणि पिन वहीच्या मागच्या पानावर, हे आपल्याकडे सगळीकडे चालतं ते मला माहितीये, बोलायला नको. पण त्यात आता रिमोटची भर घालून टोकन रात्रंदिवस मशीनला लावलेलं आणि मशीन इंटरनेटवरून उघडता येणारं, हे म्हणजे कोणी आत शिरला तर तुमच्या क्लायंटच्या नावाने सही पण करून जाईल.

आणि तुम्हाला ते लागतंय तरी किती हे बघा. जीएसटी रिटर्नला डीएससीची सक्ती मुळात कंपन्यांपुरतीच होती, नोव्हेंबर २०२१ पासून तीही नियमातून गेली. प्रोप्रायटर, पार्टनरशिप फर्म ह्यांचं ईव्हीसीने (ओटीपीच्या पडताळणीने) होतं, ओटीपी क्लायंटच्या मोबाईलवर येतो, फोन करून विचारला की झालं, तो तुम्ही पुण्यातून विचारा नाहीतर बार्शीतून. बार्शीतल्या प्रॅक्टिसमध्ये किराणा, भुसार, कापड, खतवाले हेच जास्त असणार. राहिल्या त्या डीएससीने सही करणाऱ्या दोन-तीन कंपन्या. त्यांचं तुम्ही सगळं भरून, सेव्ह करून, प्रिव्ह्यूची पीडीएफ तपासून ठेवा आणि ज्याची सही आहे त्याला किंवा निदान सरांना सांगा की समोर बसून टोकन लावा, सही करा, काढा. महिन्यातून एकदा पंधरा मिनिटांचं काम. एवढं सरांनी करायला हरकत नाही.

घाईत_पुणेकर

ह्याला म्हणतात उत्तर. मी माघार घेतो.

बार्शीची_सून

ऑडिटवाली ताई, वहीच्या मागच्या पानाचं कसं कळलं तुम्हाला 😄

सरांना तुमचं वाचून दाखवलं. आधी म्हणाले आजवर कधी काही झालंय का, मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले की सही मीच करीन, तू फक्त भरून ठेव. त्यांना एकच भीती आहे, हे रिमोटचं ऐकलं की फसवणुकीच्या बातम्या आठवतात. त्यांच्या एका ओळखीच्यांचे असेच ॲप टाकायला लावून पैसे गेलेत.

आता अडचण अशी की बसवायचं कोणी? मी इथे, ऑफिसातल्या मुलाला टायपिंगच जेमतेम येतं, आणि त्या कॉम्प्युटरवाल्याला परत बोलवायची इच्छा नाही.

राउटरवाले_अण्णा

सरांची भीती बरोबरच आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना खास एनीडेस्कच्या नावाने सावध केलं होतं, ॲपचा दोष म्हणून नाही तर ठग लोक फोन करून ते टाकायला लावतात आणि कोड विचारतात म्हणून. नियम साधा ठेवा, आलेल्या फोनवरून कोणी सांगितलं म्हणून काही टाकायचं नाही, कोड द्यायचा नाही. तरी काही झालंच तर तासभर विचार करत न बसता १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. ऑफिसातल्या मुलाला पण हे सांगून ठेवा, कारण तुम्ही नसताना फोन तोच उचलणार.

बसवायचं तुम्हीच, इथून. विंडोजमध्ये क्विक असिस्ट आधीपासून असतं. तुम्ही तुमच्या लॅपटॉपवर ते उघडून मदत करणारा म्हणून मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करा, एक कोड मिळेल. मुलाला फोन लावून सांगा की कंट्रोल, विंडोज आणि क्यू एकदम दाब, आणि कोड टाक. कोड दहा मिनिटंच चालतो, म्हणून आधी फोन लावा मग कोड काढा. मग तुम्ही कंट्रोल मागायचा, त्याने अलाऊ म्हणायचं. इन्स्टॉल करताना विंडोज 'ह्या ॲपला परवानगी देऊ का' विचारेल तेव्हा तुमच्याकडे स्क्रीन काळा होईल, घाबरू नका, तिथे मुलाला येस दाबायला सांगा. बाकी सगळं तुम्ही. पिन मात्र त्याला खुर्चीवरून उठवून मग टाका.

आणि तुमचा तो विंडोज १० लॅपटॉप. त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. ११ चालत असेल तर करून घ्या, नसेल तर वाढीव अपडेट्सची नोंदणी करा. ऑफिसचं दार कितीही पक्कं केलं तरी तुम्ही टाकलेला पिन ज्या लॅपटॉपवर टाइप होतो तोच कच्चा असेल तर उपयोग नाही.

स्क्रूड्रायव्हर

लाईटचं मी सांगतो, माझा धंदाच तो आहे.

लाईट गेल्यावर मशीन बंद होणं युपीएसने पुढे ढकलता येतं, पण लांबलचक गेली की बंद होणारच. म्हणून लाईट आल्यावर ते आपोआप चालू झालं पाहिजे. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये) रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस असं काहीतरी नाव असतं, कंपनीप्रमाणे बदलतं, पॉवरच्या पानावर शोधा, ते पॉवर ऑन करायचं. हे क्विक असिस्टमधून होणार नाही, कारण बायोसमध्ये विंडोजच नसतं, तेव्हा मुलाला व्हिडिओ कॉलवर धरून करून घ्या. आणि युपीएस असेल तर एक भानगड होते, युपीएस चालूच राहिला आणि मशीन शटडाऊन झालेलं असेल तर मशीनच्या दृष्टीने लाईट गेलीच नाही, मग ते उठतही नाही.

दुसरं, स्लीप. पॉवर सेटिंगमध्ये स्क्रीन बंद व्हायला हरकत नाही पण स्लीप 'नेव्हर'. ९० टक्के तक्रारी, की काल चालत होतं आज ऑफलाइन दाखवतंय, त्या नुसत्या स्लीपच्या असतात. वेक ऑन लॅन वगैरेच्या नादी लागू नका, त्याला ऑफिसच्या नेटवर्कमध्येच दुसरं काहीतरी चालू लागतं जे ते उठवायचं पॅकेट पाठवेल, एक मशीनच्या ऑफिसात कुठून आणणार.

मॉनिटर बटणाने बंद केलेला चालतो. कोणी हुशारीने केबल काढली तर मात्र बऱ्याच मशीनवर काळा स्क्रीन किंवा टिचभर रिझोल्युशन येतं. आणि राउटर. राउटर पण युपीएसवर पाहिजे हो! मशीन चालू आणि राउटर बंद, काय करणार आहात.

बार्शीची_सून

झालं!! क्विक असिस्टने मुलाशी बोलत बोलत बसवलं, तो काळा स्क्रीन आला तेव्हा मला माहिती होतं म्हणून बरं, त्याला वाटलं काहीतरी बिघडलं. पोर्ट काढायला मात्र त्या कॉम्प्युटरवाल्यालाच सांगावं लागलं, राउटरचा पासवर्ड त्याच्याकडेच होता, तोही आता बदलून घेतला. टॅली मस्त चालतंय, थोडं मागे राहतं पण एंट्र्या होतात.

दोन बारीक अडचणी. टॅलीत कॅल्क्युलेटरसाठी कंट्रोल एन दाबलं की माझ्याच क्रोमची नवीन विंडो उघडते. आणि पत्रं टाइप करताना मराठी भलतंच उमटतंय.

ऑडिटवाली

कंट्रोल एन, कंट्रोल डब्ल्यू ह्या कीज ब्राउझर मधेच गिळतो. वरच्या मेन्यूतून फुल स्क्रीन करा, मग बहुतेक कीज तिकडे जातात. कंट्रोल डब्ल्यूला जपा, अर्धी एंट्री असताना टॅबच बंद होईल. एंट्री तिकडे तशीच असते म्हणा, परत जोडलं की दिसते, पण दचकायला होतं.

मराठीचं म्हणजे दोन्हीकडे मराठी कीबोर्ड चालू असेल. तुमच्या लॅपटॉपवर इंग्रजीच ठेवा आणि ऑफिसच्या स्क्रीनवर खाली उजवीकडे मराठी निवडा.

आणि रोजचं काम संपलं की नुसती टॅब बंद करून उठू नका, ऑफिसचं मशीन विंडोज एलने लॉक करा, नाहीतर तुमचा उघडा टॅली तिथे येणारा जाणारा बघत बसेल. होममध्ये तिकडचा स्क्रीन झाकून ठेवायची सोय नाही, त्यामुळे तुम्ही काम करत असताना मुलाला मॉनिटर बंद ठेवायला सांगा.

बार्शीची_सून

फुल स्क्रीनने झालं, मराठी पण आलं. मॉनिटर बंद ठेवायला सांगितला तर तो म्हणतो मग मी क्रिकेट कशावर बघू 🙄

स्क्रूड्रायव्हर

अच्छा, म्हणून नेट मागे राहत होतं तर.

राउटरवाले_अण्णा

ताई, त्याला वेगळं विंडोज खातं काढून द्यायचा विचारही करू नका त्याच मशीनवर, दोघं एका वेळी बसू शकणार नाही. आणि टॅलीच्या डेटाचा रोजचा बॅकअप वेगळ्या हार्ड डिस्कवर चालू आहे ना? ती डिस्क बॅकअपनंतर काढून ठेवायची, लावून ठेवली तर मशीनबरोबर तीही जाते.

बार्शीची_सून

पेन ड्राईव्हवर घेतो, शनिवारी. रोजचं सांगते सरांना.